लस होती, भोंगा नव्हता

...नाही हो, लस संपली नव्हती! तेच तर सांगतेय मघापासून. जो भेटतो तो विचारतो, ‘अगं, लसच नव्हती का?’ होती! दवाखान्याच्या फ्रिजमध्ये बाटल्या अशा ओळीनं उभ्या होत्या, थंडगार, माझ्या घरात दूधसुद्धा इतकं नीट राहत नाही. लस होती हो, सांगायला कुणी नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, सांगायला कशाला पाहिजे कुणी, तुझं तुला कळत नाही का? नाही कळत! तुम्हाला सांगते, आमच्या अख्ख्या गल्लीत कुणालाच कळत नाही. आमच्याकडे लस म्हणजे भोंगा. एक पांढरी गाडी यायची, टपावर भोंगा, आत बसलेला माणूस, त्याला सगळे भोंगेवालाच म्हणायचे, आणि आवाज कसा? ‘माता-पालकांनोऽऽ! उद्या सकाळी! आपल्या लाडक्या बाळाला! गोवराची लस!’ झोपलेलं पोर दचकून उठायचं, म्हातारी माणसं शिव्या घालायची, पण दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली दवाखान्यात हजर. कार्डावर तारीख लिहिलेली असते म्हणे. असेल. कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर, आणि माळ्यावर चढायला वेळ कुणाला? भोंगा आहे ना! भोंगा वाजला की पोर काखोटीला मारायचं आणि निघायचं.

आणि भोंगाच बंद झाला.

माझी पोरगी नऊ महिन्यांची, गोवराच्या लसीच्या वयाची झाली, पुढं सरकली, उभी राहायला लागली, मी आपली रस्त्याकडे कान लावून. सासूबाई म्हणतात, ‘गाडी नाही आली म्हणजे लस नाही आली. सरकारला काय तुझ्यापेक्षा कमी काळजी आहे?’ पटलं मला! आणि एक दिवस मागच्या गल्लीत एका पोराला गोवर निघाला. तशीच समोरचीला हाक मारली. समोरची म्हणजे माझ्या दारासमोर राहते ती, आम्ही दोघी एकाच वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर बाळंत झालो, तिचा बाळ्या माझ्या पोरीहून जरासा धाकटा. दोघी पोरं उचलून दवाखान्यात.

तर सिस्टर काय म्हणते? ‘अगं बायांनो, होतात कुठे तुम्ही? लस आहे की!’

‘मग गाडी?’

‘गाडी बंद. वरून आदेश आलाय. लसीच्या जाहिरातीवर खर्च करायचा नाही. पैसा लसीवर घाला, ओरडण्यावर नको.’

ऐकायला कसं शहाण्यासारखं वाटतं ना? आमचे हेसुद्धा घरी म्हणाले, ‘बरोबरच आहे, ओरडून काय लस तयार होते?’ पंक्चर काढतात हे, आणि दुकानावर बोर्ड केवढा, तीन रंगांत! मी म्हटलं, उतरवा मग तो, टायर फुटला की लोक वास काढत येतील! चप्पल घालून दुकानावर निघून गेले.

असो. मी म्हटलं, सिस्टर, आता आलोय तर द्या टोचून. तर म्हणे, ‘आज नाही गं. एक बाटली उघडली की पाच बाळांना पुरते, आणि उघडली की दुपारपर्यंत संपवावी लागते. दोघांसाठी उघडली तर बाकीची ओतून द्यायची, आणि वर जाब मला. अजून तिघं आण, लगेच उघडते.’ समोरची म्हणाली, ‘अहो, मग तुम्हीच बोलवा ना!’ सिस्टरनं हात पसरले. ‘कशी बोलवू? पोस्टर नाही, गाडी नाही, घरोघरी धाडायला माणूस नाही. तुम्हीच बघा.’

आलो परत! काय करणार? फ्रिज तिथं, पोरं इथं, मध्ये चार पावलं अंतर, आणि आलो परत! लस होती हो, सांगायला कुणी नव्हतं!

मग निघाले मी दारोदार. मी! सातवी शिकलेली, सासूबाईंसमोर ज्याचा आवाज फुटत नाही असं माणूस! एक म्हणते, ‘तू कोण गं सांगणारी? सरकार तर काही बोलत नाही.’ दुसरी दार अर्धंच उघडून, ‘गाडी बंद केली म्हणजे लसीतच काहीतरी निघालं असणार. उगाच नाही कुणी गप्प बसत.’ घ्या! गाडी ओरडायची तेव्हा हीच बाई म्हणायची, एवढं ओरडतात म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. आता गप्प बसले तर तेही काळंबेरं! बोलायचं तरी काय माणसानं?

आणि तुम्हाला सांगते, त्याच आठवड्यात दुपारी... भोंगा! तोच आवाज! अहो, गल्लीत काय पळापळ, एकीनं पोराच्या अंगावरचा साबण तसाच ठेवला, मी पोरीला एकाच पायात मोजा घालून बाहेर, आणि गाडी वळणावर आली तर काय? ‘ग्राहकांनोऽऽ! प्लास्टिकच्या खुर्च्या! दोन घ्या, एक फुकट!’

खुर्च्या हो! खुर्च्या! आणि आमची कमाल बघा, दोघीतिघींनी घेतल्या. इतकी वर्षं त्या आवाजावर पोरं नेलीत, आता खुर्चीला नाही कसं म्हणणार?

मी गाडीच्या खिडकीलाच लटकले. ‘दादा, एकदा सांगा ना! खुर्च्यांच्या मध्येच सांगा, लस आलीय म्हणून!’ तो म्हणाला, ‘वहिनी, माझा मालक आता खुर्चीवाला आहे.’ पण माणूस भला, पोरीकडे बघून विरघळला. आणि बोलला! ‘खुर्ची घ्या, टेबल घ्या, गोवराची लस घ्याऽऽ!’

संपलं. गल्लीभर बोभाटा, फुकटची लस आता विकायला काढली! एक विचारते, ‘लसीवर काय सूट आहे?’ एक आजी म्हणते, ‘नको बाई, गाडीवरची वस्तू टिकत नाही.’ उघडी होती ती दारंसुद्धा लागली. तेव्हा समोरची आणि मी पायरीवर बसून हसलो हो... डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. बाळ्या तिच्या मांडीवर होता. ती त्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, ‘बघ गं, मला जरा गरम लागतोय.’

ताप. मग डोळे लाल. मग अंगभर पुरळ, आणि मग ते छातीत उतरलं. मोठ्या दवाखान्यात नेलं त्याला. परत आणलं तेव्हा चादरीत गुंडाळलेला होता. तोंडावरूनसुद्धा.

मी तिच्याकडे गेले तर ती रडत नव्हती. मला म्हणाली, ‘आपण गेलो होतो ना गं? तू होतीस ना बरोबर? आपण गेलो होतो.’ मी म्हटलं, हो. गेलो होतो. लस होती हो...

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याबाहेर रांग रस्त्यापर्यंत. कुणाला सांगावं लागलं नाही. ती आजी आली, अर्ध्या दाराची आली, मागची गल्ली आली. बाटलीमागून बाटली. माझी पोरगी काखेत, तिचं अंग मी दर दोन मिनिटांनी चाचपतेय. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘दोघं एकत्र खेळत होते ना? लस देते मी. पण लागण आधीच झाली असेल तर... लक्ष ठेव.’ काय लक्ष ठेवू? डास चावला तरी माझा जीव जातो आता.

तेवढ्यात वरचे साहेब आले गाडीतून. रांग बघून काय खूश! पार टोकापर्यंत चालत गेले, हात मागं बांधून परत आले, आणि सिस्टरला म्हणाले, ‘बघा! मी म्हणत नव्हतो? जाहिरातीवर एक पैसा घातला नाही, तरी लोक आले. लोक जागरूक झालेत.’ आणि माझ्याकडे वळून हसून विचारलं, ‘काय ताई, बरोबर ना?’

मी म्हटलं, हो साहेब.

काय करू? पुढं दोनच बाया होत्या. भांडायला बाजूला झाले असते तर माझा नंबर गेला असता.