सोमवारची उपासना

ओस पडलेल्या देवळाच्या कथेची अनेक रूपे मावळात मिळतात. बहुतेकांत देव रुसून निघून जातो. लोणावळ्यात माझ्यासमोर घडलेले रूप मात्र निराळे आहे.

रविवारच्या उपासनेला मोजकीच माणसे उरल्याने चर्च बंद करण्याचा विचार वरिष्ठांनी कळवला होता. पाळकसाहेबांनी चिक्कीच्या दुकानात राबणाऱ्या वलवणच्या रूथमावशींना विचारले, "मंडळींची श्रद्धा आटली का हो?"

"श्रद्धा कुटं आटतीय? आमी समदी दुकानांत राबणारी, आन् रविवारी मुंबईच्या गिऱ्हाइकांची झुंबड असती. सुट्टी मागितली, तर मालक म्हणतो, कायमचीच घे."

"पण रविवार हा प्रभूचा दिवस!"

"मग सोमवारी परभू काय मुंबईला परत जातो व्हय?"

पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी उपासना सोमवारी संध्याकाळी ठेवली. पहिल्याच सोमवारी, दुकान आवरून उशिरा पोहोचलेल्या मावशींना आत जागा न उरल्याने दारातच उभे राहावे लागले.