भिंतीतला हात

नाही, मला सांगा, पाटीच जर लावली असेल, 'कृपया भिंतीला हात लावा', तर शहाणा माणूस काय करील? हातच लावील ना? मग मी काय केलं? नुसता हात ठेवला. आणि तो दारावरचा रखवालदार मला म्हणतो, 'काका, रोज रोज काय, आता बास.' अरे, बास म्हणणारा तू कोण?

तुम्हाला सांगतो, मला या कलेबिलेतलं ओ की ठो कळत नाही. मुलगी म्हणाली, 'बाबा, घरात बसून भिंती बघता, त्यापेक्षा प्रदर्शनातली भिंत बघून या.' गेलो. काळोखी खोली, आणि समोर ही एवढी काच. टचस्क्रीनच हो, तुमच्या मोबाइलला असतो तसलाच, फक्त दिवाणखान्याएवढा. त्याच्यावर तळवा टेकवायचा, की तो तुमचा ठसा, बोटांच्या हालचालीसकट, आत ठेवून घेतो, आणि आधी येऊन गेलेल्या कोणाचा तरी उजेडाचा हात आतून सरकत सरकत येतो आणि तुमच्या हाताला टेकतो. काच गरम होते... खरंच गरम. म्हटलं, पोरखेळ आहे झालं. नुसता हात ठेवला.

तर समोरून हिचा हात.

हसू नका. बायकोचा हात नवरा ओळखणार नाही? करंगळी दारात चेमटून वाकडी झालेली, आणि वर ती बोटांची टकटक, मला जेवायला उशीर झाला की टेबलावर व्हायची तीच! मुलीला विचारलं तर म्हणते, 'हो, आई जायच्या आधी आम्ही दोघी गेलो होतो की. तुम्हालाही चला म्हटलं होतं, तुम्हाला वेळ नव्हता.' आता वेळच वेळ आहे. मग रोज जायला लागलो. कधी भलत्याच कोणाचा हात यायचा, मग उचलायचा, पुन्हा ठेवायचा, उचलायचा, ठेवायचा... ही येईपर्यंत. आली की टकटक, आणि मी म्हणायचो, 'आलो गं, आलो.' मागे रांग खोळंबायची, 'आजोबा, आम्हालाही बघू द्या.' बघा की, मी काय भिंत घरी नेतोय? नुसता हात ठेवला.

परवा टकटक आलीच नाही. तासभर उचलतोय, ठेवतोय. शेवटी ती भिंत बनवणारी मुलगी आली, गोड आहे हो पोर, हळूच म्हणाली, 'काका, भिंतीत ठरावीकच हात मावतात. नवा आला की सगळ्यात जुना पुसला जातो. परत आणता येत नाही.'

म्हणजे रोज हिला भेटायला जाऊन, एकेक हात ठेवत, मीच हिला बाहेर ढकलत होतो... पाटीवर लिहायला नको? मी काय केलं हो? नुसता हात ठेवला...

आजही जाऊन आलो. राहवत नाही. हात ठेवला, तर आतून आला एक जाडजूड, थरथरता. माझाच. पुन्हा ठेवला, तोही माझाच. भिंतभर मीच. आणि ही जन्मभर म्हणायची, 'तुम्हाला स्वतःशिवाय दुसरं कोणी दिसतं का हो?'

आता खरंच नाही दिसत.