सकाळचे सर, दुपारचे सर

कॅलिफोर्नियातली आमची बस युनिव्हर्सिटीवरून निघाली, तेव्हा माझ्या पुढच्या सीटवर भाचीपेक्षा मावशीच जास्त तापली होती.

“त्या स्वस्तातल्या, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात राबलीस, इत्सेल. आता इथे युनिव्हर्सिटीत परत तेच रसायनशास्त्र?”

“तिथलं शिक्षण हे युनिव्हर्सिटीवाले धरत नाहीत, मावशी. दर्जा कमी आहे म्हणे.”

“दर्जा? ‘ए’ मिळाला होता तुला.”

“ऐक तर. आज इथल्या वर्गात गेले, तर फळ्यापाशी प्रूइट सर उभे.”

“कॉलेजातले?”

“तेच. सकाळी तिथे शिकवतात, दुपारी इथे. तोच धडा, तेच शिळे विनोद.”

“मग त्यांनाच विचारायचंस की.”

“विचारलं.”

“आणि?”

“म्हणाले, ‘म्हणजे सकाळचा मी कमी दर्जाचा?’”