हमरापूरचं नेटवर्क आणि काकांची वही

सन्माननीय अध्यक्ष म्हणजे आमचे साहेब, मुंबईहून आलेले आपल्या मोबाइल कंपनीचे प्रमुख पाहुणे, रोहा कार्यालयातून मुदतीआधीच निवृत्त होणारे आमचे दिनानाथकाका, बायजाकाकू आणि पेण-रोह्याच्या सहकाऱ्यांनो, नूतनचा सर्वांना नमस्कार.

मला बजावलंय, 'गोड बोल, लवकर आटप आणि त्या वहीचा विषय काढू नकोस.' आता सांगा, निरोपाच्या भाषणात एका जुन्या वहीची एवढी धास्ती कशाला हो?

आत्ताच पाहुणे म्हणाले, पूर्वी नवी सेवा द्यायची तर गावोगाव यंत्रं बदलावी लागत. आता सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहिला की तासाभरात सेवा सुरू, पुढचं सगळं आपोआप. असेल बाई! पण 'आपोआप' म्हटलं की मला शंका येते. हमरापूरच्या गणपती कारखान्यांना जादा नेटवर्क कधी लागतं, हे त्या सॉफ्टवेअरला कळलं कुठून? काकांच्या वहीतून. बावीस वर्षांच्या नोंदी, सगळ्या तिथीनं.

यंदा अधिक महिना आला, गणपती अठरा दिवस पुढे गेले. नेटवर्क मात्र गेल्या वर्षीच्या तारखांना वाढलं आणि मूर्ती गाड्यांत भरायच्या ऐन आठवड्यात कमी झालं. फोन लागेनात, कितीतरी ऑर्डरी हातच्या गेल्या. चौकशी अहवालात एकच ओळ: 'दिनानाथ यांच्या चुकीच्या नोंदी.' आणि वही गहाळ! अशी बरी गहाळ होते? मी साहेबांवर संशय घेतला, मुंबईच्या टीमवर घेतला. गेल्या सोमवारी वही सापडली, माझ्याच टेबलाच्या खालच्या खणात.

वहीवरून नियम मीच टाइप केले होते, गेल्या वर्षीच्या तारखा घालून. काका तेव्हा म्हणाले होते, "तारखेवर जाव नको गो, तिथी बघ. औंदा अधिक हाय." मी हसले. म्हटलं, "काका, कॉम्प्युटरला तिथी कळत नाय." साहेबांना सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "जाऊ दे, ते निघालेच आहेत." आणि हे काका! चौकशीत माझं नावसुद्धा घेतलं नाही. खूप राग आला मला तुमचा, काका. रडूही आलं.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. पण हमरापूरची चूक पोटात घालू नका. साहेब, ही घ्या वही. अहवालातलं काकांचं नाव खोडा आणि तिथे माझं लिहा. त्याशिवाय काकांच्या हातात नारळ देऊ नका.