शेजारच्या आजींकडची किल्ली

जर्मनीत दार नुसतं ओढलं तरी लॉक होतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कार्ल्सरूहेला मी माझ्या मित्राकडे, संदीपकडे राहायला गेलो होतो. तो ऑफिसला गेला आणि मी सवयीने चपला दाराबाहेर ठेवायला गेलो. मागे दार बंद. फोन आत, मी जिन्यात, बनियनवर.

समोरच्या जर्मन आजींनी मला घरात घेतलं, नवऱ्याचा जुना स्वेटर दिला, केक खायला घातला आणि दिवसभर घरातल्या सगळ्यांचे फोटो दाखवले. मला जर्मनचं एक अक्षरही कळत नव्हतं.

संध्याकाळी संदीप हसत म्हणाला, "अरे, आपली जादा किल्ली यांच्याकडेच असते."

त्याने आजींना विचारलं. आजी शांतपणे काहीतरी बोलल्या.

"म्हणतायत, किल्ली दिली असती तर हा लगेच गेला असता."

दुसऱ्या दिवशी मी दार मुद्दाम ओढून घेतलं. या वेळी शर्ट घालून.