सात फोटो

भाड्याची गाडी परत करायच्या रांगेत माझ्यापुढे एक काका होते. काउंटरवरच्या मुलीने दुरुस्तीचं बिल त्यांच्यापुढे सरकवलं.

"बंपरचं मान्य आहे, पण दिवा माझ्या हातून नाही फुटला. धडकेनंतरही तो शाबूत होता."

"मग तिथले फोटो दाखवा, काका. दिवा धड दिसला तर बिलातून काढते. धडकलात कशावर?"

"फाटकावर. जायचं सरळच होतं, पण तीस वर्षांची सवय, जुनं घर आलं आणि हात आपसूक वळले. आमच्या वेळी तिथे फाटक नव्हतं हो, नव्या मालकांनी लावलंय."

"बरं. फोटो काढलेत ना?"

"काढलेत की. हे बघा, सात आहेत."

"काका, यात गाडी कुठेय? सगळ्यांत ही एकच खिडकी आहे."

"स्वयंपाकघराची आहे ती. गाडीचा आवाज आला की आमची ही तिथून डोकवायची. भांडं हातातच असायचं."

"पण काकू तर एकाही फोटोत दिसत नाहीत."

"नाही ना. म्हणून तर सात काढले."