सोडायची ओळ

डॉक्टर : हळू बोला वन्सं, ती बाहेरच बसलीये.

नणंद : कोण?

डॉक्टर : रिसेप्शनिस्ट, दुसरं कोण! तुम्ही प्रोग्रामर, उगाच नाही बोलावलं तुम्हाला. तिचा कॉम्प्युटर नेमका कधी बंद पडतो, माहितेय? नवीन पेशंट समोर उभे असताना. मग ही गोड आवाजात सांगते, "सिस्टिम बंद आहे, वेळ लागेल." लोक कंटाळून समोरच्या दवाखान्यात जातात. आणि तिथे हिची सख्खी जाऊ कामाला आहे!

नणंद : म्हणून ती मुद्दाम बंद पाडते?

डॉक्टर : मी दाराआडून डोळ्यांनी पाहिलंय. दुपारी मी जेवायला गेले की ही बया मशीन बंद करते, परत चालू करते. विचारलं तर म्हणते, "गरम होतं." आज नारळच देणार आहे तिला.

नणंद : थांब गं. आधी प्रोग्राम तर बघू दे.

डॉक्टर : माझ्या कॉम्प्युटरवर तोच आहे. मूळ कोडही यातच आहे म्हणे. बघा.

(बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.)

नणंद : इकडे ये. हे जुन्या पेशंटचं नाव टाकलं. सापडलं. खालचा आकडा बघ, चढला आणि उतरला. किती मेमरी वापरात आहे, ते सांगतो तो. आता मनाचंच एक नाव टाकते.

डॉक्टर : "सापडले नाही." बरोबरच आहे.

नणंद : आकडा बघ.

डॉक्टर : चढला... उतरत नाहीये.

नणंद : आणखी एक मनाचं नाव. आणखी एक.

डॉक्टर : अगंबाई, चढतच चाललाय!

नणंद : प्रत्येक शोधाला हा प्रोग्राम डेटाबेसशी, म्हणजे पेशंटच्या नोंदींशी, कनेक्शन जोडतो, आलेली माहिती ठेवायला मेमरीत ऑब्जेक्ट, म्हणजे एक कप्पाच, तयार करतो. काम झालं की दोन्ही सोडायची असतात. सोडायची ओळ लिहिलीये, पण पार तळाशी. नाव सापडलं नाही की प्रोग्राम मधूनच माघारी फिरतो, त्या ओळीपर्यंत पोचतच नाही. आता नवीन पेशंटचं नाव आधीपासून नोंदीत असणार कुठून? मेमरी भरत जाते आणि मशीन बसतं.

डॉक्टर : म्हणजे ती काहीच करत नाही?

नणंद : करते ना. दुपारी बंद-चालू केलं की अडकलेली मेमरी सगळी सुटते. म्हणून तर पुढे थोडं तरी चालतं.

डॉक्टर : आणि हे तिला शिकवलं कुणी? वन्सं, काही झाकताय का? तुमच्या भावाने लिहिलेला प्रोग्राम आहे म्हणून?

नणंद : नानूने लिहिलाय, चूकही त्याचीच आहे. मी कशाला झाकू? पण तिला कुणी शिकवलं, ते तिलाच विचार.

डॉक्टर : (दार उघडून) अहो बाई, जरा आत या. दार लावून घ्या. दुपारी मशीन बंद करायला तुम्हाला कुणी सांगितलं? खरं सांगा.

रिसेप्शनिस्ट : मॅडम... सरांनी.

डॉक्टर : यांनी? मग ते "गरम होतं" कुठून काढलंत?

रिसेप्शनिस्ट : तेही त्यांनीच सांगितलं. म्हणाले, सवडीने दुरुस्त करतो, तोवर मॅडमच्या कानावर जाऊ देऊ नका.

डॉक्टर : मी तुमच्यावर संशय घेत होते, ते दिसत नव्हतं?

रिसेप्शनिस्ट : दिसत होतं. माझा फोन वाजला की तुम्ही दाराशी येऊन उभ्या राहायचात.

डॉक्टर : तरी तोंड उघडलं नाहीत!

रिसेप्शनिस्ट : सरांनी हात जोडले होते, मॅडम. फार घाबरले होते.

नणंद : मशीन बसेल म्हणून?

रिसेप्शनिस्ट : नाही. मॅडमना.

नणंद : ...मी कोड दुरुस्त करायला घेते. प्रोग्राम कुठूनही माघारी फिरला, तरी आधी सगळं सोडूनच जाईल, असं करते.

डॉक्टर : करा. ...आणि तुम्ही उभ्या का? बसा ना.